आमच्या कवितेतली बाई आणि वाइंडिंग खात्यातली बाई

परवाच्या १४ एप्रिलला आमच्या वस्तीत कविसंमेलन झालं. त्यात मी माझी 'माय' नावाची कविता म्हटली. गिरणीत राबणारी बाई, तिच्या घामाचा समुद्र, तिच्या डोळ्यांत मशाल, तिच्या पदराला बांधलेला सूर्य, असा सगळा माल तीत ठासून भरला होता. टाळ्या पडल्या. वन्स मोअर आला. खूश होऊन स्टेजवरून उतरलो तर खाली आमची एक अक्का उभी. सूतगिरणीत कोन वाइंडिंगला आहे. मला चड्डीत असल्यापासून ओळखते. म्हणाली, "भावा, कविता झ्याक हाय. पर त्यातली बाई कुठल्या गिरणीत कामाला हाय रं?"

मी म्हटलं, "आपल्याच की, अक्का."

"मग तिला जॉबर कसा न्हाई? मशाल दिलीस, सूर्य दिलास. रात्रपाळीला संडासाकडं जाताना वाट अडवून हुबा ऱ्हातो त्यो कुठं गेला तुझ्या कवितेतनं?"

मला उत्तर देता आलं नाही. दोस्तांनो, हा लेख त्या प्रश्नातून निघाला आहे. समीक्षा कशी लिहायची हे मला कुठल्या कॉलेजानं शिकवलेलं नाही. पण अक्कानं चार वाक्यांत माझ्या कवितेची जी समीक्षा केली तेवढी आजवर कुणी केली नव्हती. तीच मी पुढं नेतोय.

आमच्या कवितेत, म्हणजे आम्हा पोरांच्या कवितेत, बाई तीन रूपांत येते. एक माय. ती उपाशी राहते, आम्हाला शिकवते, आणि आम्ही मोठे होईस्तोवर मरते. दुसरी विटंबना झालेली बाई. ती गावात असते, तिच्यावर पाटलाचा पोरगा अत्याचार करतो, आणि मग कवी पेटून उठतो. तिसरी मशाल. ती मोर्चाच्या पुढं असते. तिला घर नसतं, पगार नसतो, पाळी नसते, भीती नसते.

ह्या तिघींत एक गोष्ट सारखी आहे. तिघी बोलत नाहीत. बोलतो तो कवी. आणि तिघींपैकी एकीलाही हजेरीपुस्तक नाही. म्हणजे ती राबते असं आम्ही म्हणतो, पण कुणाच्या हाताखाली राबते, तिचा खाडा कोण मांडतो, तिला कुठल्या साच्यावर लावायचं ते कोण ठरवतो, हे आमच्या एकाही ओळीत येत नाही. कामाच्या ठिकाणी बाईवर होणारी जबरदस्ती नेमकी ह्याच जागेवरून होते. ती जागा कवितेत नाही म्हणून ती जबरदस्तीही कवितेत नाही.

दलित साहित्यानं बाईला काही दिलं नाही असं म्हणायला मी वेडा नाही. १९७२ साली 'गोलपिठा' आला आणि प्रस्थापितांनी ज्या बाईकडं पाठ केली होती ती मराठी कवितेच्या मधोमध येऊन उभी राहिली. त्याच साली १५ ऑगस्टच्या 'साधना'त राजा ढाले यांनी राष्ट्रध्वजाच्या अपमानाची शिक्षा आणि दलित बाईच्या विटंबनेची शिक्षा शेजारी शेजारी ठेवून दाखवली. सगळा महाराष्ट्र हादरला. हादरायलाच पाहिजे होता. पण त्यानंतर पन्नास वर्षं आम्ही काय केलं? ढाल्यांनी देशाला प्रश्न विचारला होता. आम्ही त्या प्रश्नाची नक्कल केली. बाईची विटंबना ही देशाला शिव्या घालायला मिळालेली एक चांगली प्रतिमा झाली. ती बाई त्यानंतर कामावर गेली का, तिला कामावर ठेवलं का, हे आम्ही विचारलं नाही. प्रतिमेला पोट नसतं ना!

हे विचारलं ते बायांनीच. कुमुद पावडे यांचं 'अंतःस्फोट' १९८१ चं. संस्कृतात एम. ए. झालेल्या दलित बाईला नोकरी मागायला गेल्यावर काय सोसावं लागतं ते त्यात आहे. बेबीताई कांबळे फलटणला दुकानात बसून लिहायच्या, आणि घरच्यांना कळू नये म्हणून वह्या दडवून ठेवायच्या. 'जिणं आमुचं' पुस्तक होऊन आलं १९८६ साली. सवर्णांनी काय केलं ते त्यांनी लिहिलंच. पण आपल्या घरात आपल्या पुरुषांनी सुनांना कसं झोडपलं तेही लपवलं नाही. शांताबाई कांबळे यांची चित्तरकथा एका शिक्षिकेची आहे, म्हणजे नोकरी करणाऱ्या बाईची. उर्मिला पवार यांचं 'आयदान' २००३ चं. आई आयदानं विणते, लेक सरकारी ऑफिसात जाते, आणि दोघींच्या मागं जात आणि पुरुष दोन्ही लागलेले आहेत. ही पुस्तकं आम्ही वाचली का? वाचली. भाषणात नावं घेतली. पण ती वाचून आमच्या कवितेतली एक तरी ओळ बदलली का? माझी तरी बदलली नव्हती. म्हणून अक्काला स्टेजखाली उभं राहून विचारावं लागलं.

आता दुसऱ्या एका लिखाणाकडं येतो. कोर्टाचं निकालपत्र हेही लिखाणच असतं. त्यातही बाई कशी रंगवलीय ते बघता येतं.

२६ मार्च १९७२ च्या रात्री चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलीस चौकीत मथुरा ह्या आदिवासी मुलीवर ड्यूटीवरच्या पोलिसांनी अत्याचार केला. हायकोर्टानं शिक्षा दिली, १९७८ साली सुप्रीम कोर्टानं सोडून दिलं. कारण काय, तर अंगावर जखमा नाहीत, ओरडल्याचं दिसत नाही, म्हणजे तिची हरकत नव्हती. रात्री चौकीत, दार लावलेलं, समोर वर्दी, आणि ती ओरडली नाही म्हणून तिची मर्जी! १९७९ साली चार कायद्याच्या प्राध्यापकांनी सुप्रीम कोर्टाला उघडं पत्र लिहिलं, देशभर बाया रस्त्यावर आल्या, १९८३ साली कायदा बदलला. ह्या निकालातून मी एक गोष्ट शिकलो. ज्याच्या हातात सत्ता आहे त्याच्यापुढं गप्प बसणं याला कोर्टसुद्धा होकार समजतं. मग जॉबर समजला तर काय नवल? वाइंडिंगमधली पोरगी गप्प बसते, कारण उद्याची पाळी त्याच्या हातात आहे. तो म्हणतो, "काय बोलली नाही, म्हणजे चालतंय तिला." सुप्रीम कोर्टाची भाषा आणि जॉबरची भाषा एका ठिकाणी येऊन मिळते ती अशी.

दुसरं प्रकरण भँवरीदेवीचं. राजस्थानातलं भटेरी गाव. जातीनं कुंभार. राज्य सरकारच्या महिला विकास कार्यक्रमात 'साथिन' म्हणून ती काम करायची. बालविवाह थांबवणं हे तिचं काम होतं. गुर्जरांच्या घरातलं एका तान्ह्या पोरीचं लग्न थांबवायला ती गेली. त्याचा राग धरून २२ सप्टेंबर १९९२ ला तिच्यावर, नवऱ्यासमोर, सामूहिक अत्याचार झाला. १९९५ साली जयपूरच्या कोर्टानं आरोपींना बलात्काराच्या आरोपातून सोडलं. निकालात कारणं दिली त्यांत एक असं, की वरच्या जातीचे पुरुष खालच्या जातीच्या बाईला हात लावून स्वतःला बाटवून घेणार नाहीत.

हे वाचलं तेव्हा मला आपल्या गिरण्यांचा इतिहास आठवला. मुंबईच्या गिरण्यांत महार कामगाराला साचेखात्यात, म्हणजे विणकामाला, घेत नसत. पगार तिथंच जास्त. पण धोट्यातला धागा तोंडानं ओढून घ्यावा लागायचा, आणि महाराच्या तोंडाचं सूत सवर्ण विणकराला चालत नव्हतं. १९२८ च्या संपाच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढं आणला. लाल बावट्यावाल्यांना तो नीट ऐकूही गेला नाही. आता हिशेब मांडा. आपल्या तोंडाची थुंकी सुताला लागली की सूत बाटतं, म्हणून खात्याचं दार बंद. पण त्याच जातीच्या बाईच्या अंगाला हात लावताना विटाळ कुठल्या कुठं पळतो. आणि प्रकरण कोर्टात गेलं की विटाळ परत येतो, ह्या वेळी आरोपीचा वकील होऊन. विटाळ हा धर्म नाही, सोय आहे. पगार वाचवायला लागतो तेव्हा तो असतो, मजा मारायची असते तेव्हा नसतो, सुटायचं असतं तेव्हा पुन्हा असतो.

भँवरीदेवीच्या प्रकरणामुळं 'विशाखा' आणि इतर संघटना सुप्रीम कोर्टात गेल्या. १३ ऑगस्ट १९९७ ला निकाल लागला. कामाच्या ठिकाणचा लैंगिक छळ हा बाईच्या मूलभूत हक्कांवरचा घाला आहे, आणि तो रोखायची जबाबदारी मालकाची आहे, असं कोर्टानं सांगितलं. मोठा निकाल आहे, मी त्याला कमी लेखत नाही. पण तो वाचताना बघा, त्यात भँवरीदेवीचं नाव नाही. राजस्थानातल्या एका खेड्यातली एक समाजसेविका, एवढंच येतं. तिची जात नाही, गुर्जरांची जात नाही, बालविवाहावरून झालेला राग नाही. जिच्या अंगावरून हा कायदा आला ती बाईच कायद्यातून पुसली गेली. आमच्या कवितेत बाईला नाव नाही, सुप्रीम कोर्टाच्या निकालातही नाही. च्यायला, आमची आणि त्यांची कलमं एकाच दुकानातली आहेत की काय?

ह्या निकालानंतर १६ वर्षांनी, २०१३ साली कायदा झाला. तो प्रत्येक कार्यकर्त्याला पाठ पाहिजे. म्हणून साध्या भाषेत सांगतो. जिथं १० किंवा जास्त कामगार आहेत तिथं मालकानं अंतर्गत समिती नेमली पाहिजे. अध्यक्ष बाई, निम्म्याहून कमी बाया चालत नाहीत, आणि एक माणूस बाहेरच्या संस्थेचा. १० पेक्षा कमी कामगार असतील, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर जिल्ह्याची स्थानिक समिती. घरकाम करणाऱ्या बायाही ह्यात येतात. तक्रार तीन महिन्यांच्या आत लेखी द्यायची. कारण असेल तर आणखी तीन महिने मिळतात. तिला लिहिता येत नसेल तर लिहून देण्यात मदत करणं हे समितीचं काम आहे. चौकशी ९० दिवसांत. नुसता अंगाला हात लावला तरच छळ असं नाही. अश्लील बोलणं, कामात फायदा दाखवणं, काम काढून घेण्याची धमकी देणं, काम करणं मुश्कील करून टाकणं, हे सगळं त्यात येतं.

आता ह्यात जात कुठं आहे ते शोधा. जिल्ह्याच्या समितीत एक बाई अनुसूचित जाती, जमाती, ओबीसी किंवा अल्पसंख्याकांतली असावी, एवढं एक वाक्य आहे. कारखान्याच्या आतल्या समितीला तेवढंही बंधन नाही. तिथं मालकाच्या ऑफिसातल्या मॅडम बसतात. झाडूवाली किंवा कंत्राटी हेल्पर बाई त्यांच्यापुढं काय बोलणार? म्हणून दुसरा कायदा सोबत धरायचा. अॅट्रॉसिटी कायद्यात २०१५ ला दुरुस्ती झाली, ती २६ जानेवारी २०१६ पासून लागू आहे. त्यातल्या कलम ३(१)(डब्ल्यू) प्रमाणं, जात माहीत असताना दलित-आदिवासी बाईला तिच्या मर्जीविरुद्ध वासनेनं हात लावणं, तसं बोलणं किंवा हावभाव करणं हा गुन्हा आहे. जॉबर सवर्ण असेल तर हे कलम लागतं.

आणि जॉबर आपलाच असेल तर?

इथपर्यंत लिहून मी चार दिवस थांबलो होतो. कारण ह्यापुढचं माझ्याबद्दल आहे.

दोन वर्षांपूर्वी पॅकिंग खात्यातल्या एका कंत्राटी बाईनं तक्रार केली होती. कंपनीत नाही, आमच्याकडं, मंडळाकडं. कारण ज्याच्याविरुद्ध तक्रार होती तो आपलाच होता. मोर्चात पुढं, जयंतीत पुढं, पोलिसांच्या लाठ्या खाल्लेला. ती म्हणाली, कामाला लावतो म्हणून ह्यानं मला लावलं आणि आता त्याची किंमत मागतोय. विहारात बैठक बसली. ती दाराजवळ बसली होती. आम्ही अकरा पुरुष. कुणी विचारलं, साक्षीदार कोण? कुणी म्हणालं, सवर्णांना आयतं कोलीत मिळेल. कुणी म्हणालं, ताई, समाजाचा विचार करा. त्यानं हात जोडले, तिच्या नवऱ्याला मिठी मारली, चहा झाला. माझं अक्षर चांगलं म्हणून रजिस्टर माझ्याकडं होतं. मी लिहिलं : "घरगुती वाद सामोपचाराने मिटला."

ह्या चार शब्दांची समीक्षा करतो. घरगुती : तो घरात झाला नव्हता, पॅकिंग खात्यात झाला होता. वाद : वाद दोघांचा असतो. इथं एक मागत होता आणि एक नाही म्हणत होती. सामोपचार : तिनं त्या बैठकीत शेवटी काहीच म्हटलं नाही. देसाईगंजच्या निकालात आणि माझ्या रजिस्टरात फरक काय राहिला? मिटला : तिचं काम मिटलं. काही महिन्यांत ती गिरणी सोडून गेली. तो अजून जयंतीच्या कमिटीत आहे. मी खूप कविता लिहिल्या, त्यात वाईटही पुष्कळ आहेत. पण ह्याच्याइतकं खोटं वाक्य मी दुसरं लिहिलेलं नाही. आणि लक्षात घ्या, ते लिहिल्यानंतर थोड्याच दिवसांत मी 'माय' लिहिली. मशाल, सूर्य, समुद्र. जे रजिस्टरातून काढून टाकलं त्याच्या जागी कवितेत दिवाळी केली.

काही दोस्त म्हणतील, आपली धुणी चव्हाट्यावर कशाला? चळवळ बदनाम होईल. मी विचारतो, चळवळ कुणाची? बाबासाहेब १९२८ ला मुंबईच्या कायदेमंडळात गिरणीतल्या बायांच्या बाळंतपणाच्या हक्कासाठी बोलले. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बायांशी वेगळं बोलले. १९४२ ला नागपूरच्या महिला परिषदेत समाजाची प्रगती बायांच्या प्रगतीवरून मोजतो म्हणाले. हिंदू कोड बिलापायी १९५१ ला मंत्रिपद सोडलं. ते कधी म्हणाले का, बायांनो, आधी समाजाचं होऊ द्या, मग तुमचं बघू? हे वाक्य लाल बावट्यावाल्यांचं होतं : आधी वर्ग, मग जात. त्या वाक्याला आपण आयुष्यभर शिव्या घातल्या. आणि आपल्या बायांना तेच ऐकवलं : आधी जात, मग बाई.

कुणी म्हणेल, खोट्या तक्रारी होतात. अरे, अॅट्रॉसिटीच्या तक्रारीबद्दल पाटील हेच म्हणतो. तेव्हा आपण काय उत्तर देतो? गावात राहून, त्याच्या रानात मजुरी करून, त्याच्याविरुद्ध फुकट तक्रार करायला कुणाला हौस आहे? तेच उत्तर इथं लागू होतं. पाळी, खाडा, ओव्हरटाइम ज्याच्या हातात आहे त्याच्याविरुद्ध बाई गंमत म्हणून बोलत नाही.

आणि आरोपी आपला असला तर अॅट्रॉसिटी लागत नाही हे खरं. पण २०१३ चा कायदा लागतो, भारतीय न्याय संहितेचं कलम ७५ लागतं. कायदा आहे. नाही ते आमचं धाडस.

हे कसं होऊ शकतं ते तमिळनाडूत बघा. दिंडीगल जिल्ह्यातल्या एका कापड कारखान्यातली २० वर्षांची दलित कामगार मुलगी. सुपरवायझर तिच्या मागं लागला होता. जानेवारी २०२१ मध्ये तिचा खून झाला. तिथली कामगार युनियन दलित बायांच्या नेतृत्वाची. त्यांनी नुसती श्रद्धांजली वाहिली नाही. एक वर्षाच्या वर लढून एप्रिल २०२२ मध्ये कंपनीशी आणि परदेशातल्या खरेदीदाराशी करार केला. खात्याखात्यात कामगार बायांतूनच लक्ष ठेवणाऱ्या बाया नेमल्या. सुपरवायझर काय बोलतो, कुणाला एकटं बोलावतो, ते त्या टिपून घेऊ लागल्या. त्या करारात लैंगिक छळाबरोबर जातीचा छळही नावानं आला. सुप्रीम कोर्टाला जे १९९७ ला लिहिता आलं नाही ते सूतगिरणीतल्या पोरींनी लिहून घेतलं. मला विचाराल तर दलित साहित्यातलं अलीकडचं महत्त्वाचं लिखाण म्हणून मी त्या कराराचं नाव घेईन.

म्हणून दोस्तांनो, आपण काय करायचं ते सांगतो. ज्या गिरणीत, ऑफिसात, दवाखान्यात तुम्ही आहात तिथं समितीचा बोर्ड आहे का ते बघा. नसेल तर लेखी मागा. मंडळाच्या बैठकीत बाईची तक्रार आली तर ती मिटवायचा अधिकार मंडळाला नाही. तिला समितीपर्यंत, चौकीपर्यंत सोबत करायची, एवढंच आपलं काम. तक्रार असलेला माणूस चौकशी होईस्तोवर कमिटीत नको, मग त्यानं कितीही लाठ्या खाल्लेल्या असोत. आणि लिहिणाऱ्यांनो, मशाल खाली ठेवा. बाई कितव्या पाळीला आहे, तिचा जॉबर कोण, ती काय म्हणाली, ते लिहा. नाही तर लेखणी तिच्या हातात द्या. ह्या मासिकाच्या संपादकांनाही सांगतो, आजवरच्या अंकांत बायांची पानं किती ते मोजा.

मी माझं सुरू केलंय. त्या रजिस्टरातल्या माझ्या ओळीखाली दुसरी ओळ लिहून सही केली आहे : पॅकिंग खात्यातल्या कामगार बाईने छळाची तक्रार केली. ती खरी-खोटी न तपासता आम्ही अकरा जणांनी दाबली. पुढच्या बैठकीत ती वाचणार आहे. त्यानंतर मंडळात राहीन की नाही, माहीत नाही.

'माय' ही कविता मी मागं घेतली आहे. नवी लिहायला घेतली, चार ओळी झाल्या. अक्काला वाचून दाखवल्या. ती म्हणाली, "अजून तूच बोलायलायस."

थांबलोय. आता ती सांगेल तसं लिहीन.

जयभीम.